डाळ मिलच्या प्रस्तावात कंप्रेसर फक्त ‘एक नग’. एचपी बघून घेतला, आता हवाच पुरत नाही

तालुका वार्ताहर

कडधान्य आत्मनिर्भरता अभियान ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झालं. सहा वर्षांसाठी ११ हजार ४४० कोटींची तरतूद आहे. तूर, उडीद आणि मसूर या तीन पिकांवर भर आहे. देशभरात एक हजार प्रक्रिया युनिट उभी करायची असून एका युनिटला जास्तीत जास्त २५ लाखांपर्यंत अनुदान आहे. त्याआधी २०२० मध्ये सूक्ष्म खाद्य उद्योगांची पीएमएफएमई योजना सुरू झाली. तिच्यात ३५ टक्के, कमाल १० लाख अनुदान ठरलं. त्यामुळे सध्या आपल्या लातूर जिल्ह्यात ज्या त्या शेतकरी उत्पादक कंपनीत आणि बचत गटात एकच विषय चाललाय, डाळ मिल टाकायची.

टाकायलाच पाहिजे. तूर आपण पिकवायची आणि डाळ दुसऱ्याने विकायची, हे किती दिवस चालणार? पण गेल्या महिन्यात दोन गावांचे प्रस्ताव बघण्यात आले आणि दोन्हीकडे एक ओळ अगदी सारखी दिसली. ‘एअर कंप्रेसर, १० एचपी, १ नग.’ पुढे किंमत, बस्स. किती हवा देणार, किती दाबाला, ड्रायर आहे का, टाकी किती लिटरची, यातलं काही नाही. दाल रोलर, ग्रेडर, एलिव्हेटर यांचं वर्णन पानभर आणि कंप्रेसरला अर्धी ओळ.

हे वाचून पोटात गोळा आला, कारण हीच ओळ आमच्या कंपनीच्या प्रस्तावातही होती. मी त्या कंपनीचा भागधारक आहे. त्या अर्ध्या ओळीपायी आम्ही एक आख्खा हंगाम घालवला.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, डाळ मिलला हवा लागते कशाला? साध्या मिनी डाळ मिलला लागत नाही. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची पीकेव्ही मिनी डाळ मिल गावोगाव चालते, तिला कंप्रेसरचं काम नाही. काम पडतं ते कलर सॉर्टर आला की. सॉर्टरमध्ये कॅमेरा प्रत्येक दाणा बघतो. काळा, डागी, साल राहिलेला किंवा फुटका दिसला की त्या दाण्यावर बारीक नळीतून हवेचा फटका बसतो आणि तो बाजूच्या खणात जाऊन पडतो. सेकंदाला कितीतरी वेळा हे व्हॉल्व्ह उघडतात नि मिटतात. म्हणजे डोळा कॅमेऱ्याचा असला तरी हात हवेचा आहे. हवा कमी पडली तर डोळ्याला दिसूनही हाताला उचलता येत नाही, असा प्रकार होतो.

आमचं युनिट जानेवारीत सुरू झालं. तुरीचा हंगाम, थंडी, कोरडी हवा, माल चांगला. सोळा लाखांचा सॉर्टर झकास चालला. फोटो काढले, ग्रुपवर टाकले, साहेब लोक येऊन बघून गेले. १० एचपीचा पिस्टन कंप्रेसर सव्वा लाखात मिळाला म्हणून संचालक मंडळ खुशीत. त्यावर ड्रायर घ्यायचा की नाही असा प्रश्न आला होता, तेव्हा ‘नंतर बघू’ असं ठरलं. सप्लायरनेही आग्रह धरला नाही. कोटेशन जितकं कमी तितकी ऑर्डर पक्की, हे त्यालाही कळतं.

भादव्यात नवा उडीद आणि मूग आला. काढणीच्या वेळी पाऊस झालेला, डागी दाणे भरपूर. सॉर्टर सुरू केला तर अर्ध्या तासात प्रेशर साडेसहावरून साडेचारवर. डागी दाणा चांगल्यात, चांगला दाणा डागीत. माल पुन्हा वर टाका, पुन्हा तेच. त्यात भर म्हणजे नळ्यांतून पाण्याचे तुषार यायला लागले. पाणी, तेल आणि कोंडा यांचा चिखल होऊन व्हॉल्व्ह चिकटले. सॉर्टरचा मेकॅनिक बाहेरून बोलवावा लागला. व्यापाऱ्याने नमुना बघून भाव पाडला तो पाडलाच. चांगल्या तुरीत ज्या मशीनने वाहवा मिळवली, तेच मशीन उडदात नापास. मशीनची चूक नव्हती. डागी दाणे जितके जास्त, तितके व्हॉल्व्ह जास्त वेळा उघडतात आणि तितकी हवा जास्त लागते. पावसाळ्यात हवेत ओल जास्त, म्हणून पाणीही जास्त. जानेवारीत दोन्ही गोष्टी झाकून राहिल्या होत्या.

एचपी म्हणजे हवा नव्हे

आपण शेतकरी माणसं, हे आपल्याला खरं तर लगेच कळायला पाहिजे. कुणी म्हणालं, ‘५ एचपीची मोटार बसवली, पाणी किती पडेल?’ तर आपण पहिल्यांदा विचारतो, हेड किती? विहीर ४० फूट आहे की बोअर ४०० फूट? त्याच ५ एचपीवर विहिरीतून पाट भरून वाहतो आणि खोल बोअरमधून करंगळीएवढी धार येते. कंप्रेसरचंही तसंच. दाब म्हणजे हेड आणि सीएफएम म्हणजे डिस्चार्ज. सीएफएम म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा. एक सीएफएम म्हणजे मिनिटाला सव्वाअठ्ठावीस लिटर. एचपी हा फक्त मोटारीचा आकडा आहे, तिने हवा किती दिली हे त्यातून कळत नाही.

त्यातही एक मेख आहे. पिस्टन कंप्रेसरच्या कोटेशनमध्ये बऱ्याच वेळा ‘डिस्प्लेसमेंट’ लिहिलेलं असतं. पिस्टन खालीवर होताना सिलिंडरमध्ये जी जागा मोकळी करतो, तो आकडा. प्रत्यक्षात टाकीत पोचणारी हवा त्याहून कमी, कारण थोडी गळते, थोडी गरम होऊन फुगते, थोडी सिलिंडरच्या टोकाला अडकून परत पसरते. खरी पोचणारी हवा म्हणजे एफएडी, फ्री एअर डिलिव्हरी. साधारण डिस्प्लेसमेंटच्या साठ ते ऐंशी टक्के धरा. आमच्या कोटेशनमध्ये ४२ सीएफएम होते, ते डिस्प्लेसमेंटचे. आम्ही बाराशे लिटर मिनिटाला मिळणार म्हणून समजून बसलो. एफएडी हा शब्दच कागदावर नव्हता आणि आम्हीही विचारला नाही.

मग एका ओळखीच्या इंजिनिअरने टाकी भरून मोजायची रीत शिकवली. ही प्रत्येकाने करण्यासारखी आहे, मोबाईलमधलं स्टॉपवॉच पुरतं. टाकी पूर्ण रिकामी करा, काटा शून्यावर. टाकीपुढचा व्हॉल्व्ह बंद करा. तळाच्या नळातून पाणी काढून टाका, नाहीतर टाकीची जागा कमी भरते नि मोजणी चुकते. मग कंप्रेसर चालू करा आणि काटा ७ बारवर यायला किती वेळ लागला ते बघा. टाकीचे लिटर गुणिले ७, भागिले मिनिटं. आमची टाकी ५०० लिटरची. पाचशे गुणिले सात म्हणजे साडेतीन हजार लिटर. वेळ लागला ४ मिनिटं ५० सेकंद. म्हणजे मिनिटाला सव्वासातशे लिटर, २५-२६ सीएफएम. कागदावर ४२, टाकीत २६. थोडा दोष आमचाही होता. बेल्ट सैल, हवेचा फिल्टर डाळीच्या कोंड्याने गच्च आणि कंप्रेसर बंद खोलीत सोलून काढणाऱ्या भुशाच्या शेजारी. पण ते सगळं नीट केलं तरी ३० च्या वर जात नाही, हेही नंतर बघितलं.

गरज किती होती? सॉर्टरच्या पुस्तिकेत, जी कपाटात बंद होती, भरपूर रिजेक्शन असताना ३२ सीएफएम लिहिलेलं. पॅकिंग मशीनच्या सिलिंडरला ८. साफसफाईची हवेची गन चालू असते तेव्हा १८-२० ओढते, पण तासात दहाच मिनिटं, म्हणून सरासरी ३ धरले. झाले ४३. गळती कितीही नीट केली तरी दहा टक्के जातेच, म्हणजे ४७. त्यावर वीस टक्के पुढची सोय धरली की ५६. म्हणजे ५६ पाहिजे होते आणि आमच्या हातात होते २६. हा हिशेब करायला पंधरा मिनिटं लागली. प्रस्ताव मंजूर व्हायला अकरा महिने लागले होते.

अंदाजासाठी एक आकडा लक्षात ठेवा. चांगला स्क्रू कंप्रेसर ७ बारला एका एचपीमागे साधारण ४ सीएफएम देतो, छोटा पिस्टन ३ च्या आसपास. म्हणजे ५६ साठी १५ एचपीचा स्क्रू बसतो. हा फक्त अंदाज, ऑर्डर देताना एफएडी दाबासकट लेखी घ्या.

मोठा घेतला म्हणजे सुटलो असं नाही

आमची फजिती ऐकून शेजारच्या तालुक्यातल्या एका युनिटने उलटं केलं. ‘पुढे विस्तार होणारच आहे’ म्हणत ३० एचपीचा स्क्रू घेतला. हवा भरपूर. पण बिल आलं तेव्हा तोंडचं पाणी पळालं. स्क्रू कंप्रेसरला काम नसलं तरी तो लगेच बंद होत नाही, ‘अनलोड’ होऊन नुसता फिरत राहतो. त्या फिरण्यातही पूर्ण लोडच्या जवळपास तीस टक्के वीज जाते. ३० एचपी म्हणजे २२ किलोवॅट, नुसतं फिरायला सहा-सात. दिवसातल्या आठ तासांत पाच तास तो रिकामाच फिरतो असं धरा. रोज पस्तीस युनिट वाया. नऊ रुपये दर धरला (तुमच्या बिलावर असेल तो टाका) तर दिवसाला ३१५ रुपये आणि चार महिन्यांच्या हंगामात पावणेअडतीस हजार. हवा काही न देता. शिवाय स्क्रू सारखा कमी कामावर राहिला तर त्याचं तेल पुरतं तापत नाही, तेलात पाणी साठतं आणि बेअरिंगचं आयुष्य कमी होतं. व्हीएफडी असलेला कंप्रेसर मागणीप्रमाणे वेग कमी-जास्त करतो, पण त्याची किंमत जास्त आणि आपल्याकडच्या व्होल्टेजच्या चढउतारात त्याचं इलेक्ट्रॉनिक्स किती टिकेल, याची मला धाकधूक वाटते. स्टॅबिलायझरसकट घेणार असाल तर घ्या.

मग पिस्टन वाईट का? अजिबात नाही. जिथे हवा मधूनमधून लागते तिथे पिस्टनच बरा. पंक्चरचं दुकान, पॅकिंगचं एखादं मशीन, फवारणी यंत्रं साफ करणं. त्याला मधे मधे विश्रांती पाहिजे. दहा मिनिटांत सहा-सात मिनिटं चालला आणि बाकी थांबला तर वर्षानुवर्षं टिकतो. तुमचा पिस्टन सकाळी सुरू झाल्यावर संध्याकाळपर्यंत एकदाही कट-ऑफ होत नसेल, तर समजा तो कमी पडतोय. मीटर लावून बघायचीही गरज नाही. सॉर्टरला मात्र सलग हवा लागते, तिथे स्क्रू.

कंपनी कोणती, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. पुण्याची किर्लोस्कर न्यूमॅटिक आहे, कोइमतूरची एल्गी आहे, बाहेरच्याही आहेत. मी नाव सांगणार नाही. तुमच्या गावापासून सर्व्हिसचा माणूस किती तासांत येतो, ते आधी विचारा. फिल्टर आणि तेल जिल्ह्याच्या ठिकाणी मिळतं का, तेही.

अनुदान किमतीवर, बिल आपल्यावर

इथे मला योजनेबद्दल बोलायचंय. अनुदान मिळतं ते मशीनच्या किमतीवर, म्हणून सगळ्यांची नजर किमतीवर. तीन कोटेशन मागवायची, सर्वात कमी ते घ्यायचं. पण कंप्रेसर ही वस्तू अशी आहे की तिची किंमत एकदा द्यायची आणि वीज रोज. १५ एचपीचा कंप्रेसर साडेबारा किलोवॅट ओढतो असं धरा. दिवसाला आठ तास, वर्षात दीडशे दिवस, म्हणजे पंधरा हजार युनिट. नऊ रुपयांनी एक लाख पस्तीस हजार. दरवर्षी. तीन वर्षांत मशीनच्या किमतीएवढी वीज जाते. त्यावर एक पैसा अनुदान नाही. म्हणून कोटेशनची तुलना करायचीच तर ‘एवढे सीएफएम द्यायला किती किलोवॅट’ यावर करायला पाहिजे. मार्गदर्शक नमुन्यात हा एक रकाना वाढवायला सरकारला काय खर्च येतो? प्रस्ताव तयार करून देणारे सल्लागार पानामागे पैसे घेतात, त्यांना तरी हे विचारलं पाहिजे.

दाबाचंही तसंच. सप्लायर म्हणतो, ‘१० बारचा घ्या, दमदार आहे.’ पण सॉर्टरला ६-७ बार लागत असेल तर १० बारला चालवणं म्हणजे विनाकारण पाणी टेकडीवर चढवून पुन्हा खाली सोडणं. एक बार दाब वाढवला की वीज सहा-सात टक्क्यांनी वाढते. दाब कमी पडतोय म्हणून कंप्रेसरचं सेटिंग वाढवण्याआधी पाईप बघा. आमच्याकडे कंप्रेसरपासून सॉर्टरपर्यंत अर्ध्या इंची पाईप टाकलेला होता, सहा एल्बो घालून. ड्रिपमध्ये सबमेन बारीक टाकली तर शेवटच्या ओळीला पाणी पोचत नाही, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. हवेत मात्र आपण विसरतो.

गळतीचा हिशेब ऊर्जा दक्षता ब्युरोच्या पुस्तिकेत आहे. ७ बारला तीन मिलिमीटरचं भोक, म्हणजे बारीक ज्वारीच्या दाण्याएवढं, सुमारे तीन किलोवॅट खातं. वरच्याच हिशेबाने वर्षाला बत्तीस हजार. रात्री मिल बंद असताना कान देऊन ऐका, सुसू आवाज येतो तिथे साबणाचं पाणी लावा. दुसरी रीत अशी, सगळी मशीन बंद ठेवून फक्त कंप्रेसर चालवा. किती वेळ लोड घेतो आणि किती वेळ थांबतो ते दहा-बारा वेळा मोजा. लोडचा वेळ भागिले एकूण वेळ, ती तुमची गळती. आमची पहिल्यांदा २८ टक्के निघाली, जुन्या जोडांवर टेफलॉन टेप लावून ११ वर आली.

पाण्याबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण नुकसान तिथेच जास्त झालं. हवा ७ बारला दाबली की ती एक अष्टमांश जागेत येते आणि तिच्यातली वाफ थंड झाल्यावर पाणी होऊन खाली बसते. पन्नासेक सीएफएमच्या कंप्रेसरमधून पावसाळ्यात तासाला लिटरभर पाणी सहज निघतं. टाकीच्या तळाचा नळ दिवसातून दोन-तीनदा उघडलाच पाहिजे, किंवा ऑटो ड्रेन बसवा. तेवढ्याने सगळी ओल जात नाही, म्हणून रेफ्रिजरेटेड ड्रायर. तो हवा फ्रिजसारखी गार करून उरलेलं पाणी काढतो. त्याच्या आधी आणि नंतर फिल्टर, तेलाचा अंश धरणारा. सॉर्टरची हवा थेट डाळीला लागते, डाळीला तेलाचा वास कुणाला चालेल? ड्रायरही कंप्रेसरच्या सीएफएमला पुरेल असाच घ्यायचा, आणि आपल्या मे महिन्यातल्या ४२ अंशांना त्याची ताकद कमी होते हे धरून एक नंबर मोठा.

टाकीचा नियम सोपा आहे. मिनिटाला जेवढी हवा, तिच्या दहाव्या ते सहाव्या भागाएवढी तरी टाकी असावी. १७०० लिटर मिनिटाला असेल तर १७० ते २८०. सॉर्टर हवा झटक्याझटक्याने ओढतो, म्हणून ५०० असलेली बरी. टाकीची हायड्रो टेस्ट झाल्याचं प्रमाणपत्र मागा. सेफ्टी व्हॉल्व्ह गळतोय म्हणून कुणी प्लग मारत असेल तर त्याला मिलमध्ये उभा करू नका. टाकी आतून गंजते, बाहेरचा रंग चांगला दिसतो. आणि पोरं गंमत म्हणून एकमेकांच्या अंगावर हवेची गन मारतात, ती जीवावर बेतते. हे हमालांनाही सांगा.

विजेची एक गोष्ट राहिली. ७.५ एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला सध्या वीज मोफत आहे, म्हणून एखादा शेतातल्या कनेक्शनवरच मिल चालवायचा विचार करतो. तसं करू नका. ज्या कामासाठी कनेक्शन दिलं ते सोडून दुसऱ्या कामाला वीज वापरली तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते. औद्योगिक कनेक्शनचा भार मागतानाच कंप्रेसर आणि ड्रायर धरून मागा. आम्ही तो धरला नव्हता, वाढीव भाराला वेगळा अर्ज, वेगळे पैसे, तीन महिने. आणि गावच्या ओळीवर संध्याकाळी ३५० व्होल्टला १५ एचपीची मोटार कशी सुरू होईल, स्टार-डेल्टा स्टार्टर पुरेल का, हे वायरमनला नव्हे, इलेक्ट्रिकल इंजिनिअरला विचारा.

आमचं शेवटी काय झालं? अनुदानाची फाईल बंद झालेली, त्यामुळे नवा १५ एचपीचा स्क्रू, ड्रायर आणि एक इंची पाईप भागधारकांच्या पैशातून घेतला. प्रत्येकाकडून दोन हजार जास्तीचे. त्या बैठकीत काय काय ऐकावं लागलं ते लिहीत नाही. जुना पिस्टन विकला नाही, तो पॅकिंग आणि साफसफाईला लावला. कंप्रेसर भुशाच्या खोलीतून काढून उत्तरेच्या भिंतीला शेड मारून ठेवला, आत येणारी हवा चार अंशांनी गार झाली तर वीज एक टक्का वाचते म्हणतात. यंदाचा उडीद साडेसहा बारवर निघाला, काटा हलला नाही.

ज्या दोन गावांचे प्रस्ताव बघितले, त्यांच्या संचालकांना फोन केला. एका अध्यक्षांनी सॉर्टरच्या डीलरकडून पुस्तिका मागवली आहे, हवेचा आकडा आला की कोटेशन बदलून घेणार. दुसरे म्हणाले, ‘भाऊ, फाईल पुढे गेली, आता बदलली तर पुन्हा पहिल्यापासून.’ त्यांना कृषी कार्यालयात दुरुस्तीपत्र देता येतं का, ते सोमवारी जाऊन विचारणार आहोत. काय उत्तर मिळालं ते इथेच कळवतो.